माळावरचा तास

मामांनी माझ्या हातातलं पेन घेतलं आणि कच्च्या कागदावरच्या पहिल्या नावावर आडवी रेघ मारली.

"हे नको," ते म्हणाले. "याच्या जागी चंद्रपूर टाक."

आई भाकरी थापत होती. तिचे हात थांबले. "चंद्रपूर कुठं आलं रे भारत?"

"महाराष्ट्रातच आहे की ताई."

"नकाशात बघितलंय मी. पार तिकडच्या टोकाला. आणि तिथल्या उन्हात म्हणे पापड भाजून निघतात. इथं वडापच्या जीपनं अर्ध्या तासावर कॉलेज असताना पोरीला तिकडं कशाला धाडायचं, एवढंच विचारतेय."

"सरकारी आहे. फी कमी."

"माळावरचंबी फी कमी करतंय. बस फुकट देतंय. रोज पोरगी घरी जेवायला."

मामांनी पेनाचं टोपण लावलं. "ते नको," ते पुन्हा म्हणाले आणि भाकरीला न थांबता निघून गेले. जेवायच्या वेळी आलेले मामा न जेवता गेले, हे मी त्याआधी पाहिलं नव्हतं.

बारावीचा आणि सीईटीचा निकाल लागून गेला होता. पुण्याच्या मोठ्या सरकारी कॉलेजात जागा मिळेल एवढे गुण मला नव्हते, पण कुठेच मिळणार नाही असेही नव्हते. आता इंटरनेटवर ऑप्शन फॉर्म भरायचा होता. आपल्याला हवी ती कॉलेजं पसंतीच्या क्रमाने लिहायची. वरून खाली येताना जिथे आपले गुण पुरतील ते कॉलेज आपलं. पण पहिलंच लिहिलेलं मिळालं तर ते घ्यावंच लागायचं, पुढच्या फेरीत नाव यायचं नाही. म्हणून सगळी मेख पहिल्या ओळीत होती.

वडील जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षक होते. ते गेल्यावर आई अनुकंपा तत्त्वावर त्याच शाळेत शिपाई म्हणून लागली. माझ्या शिक्षणासाठी तिच्याकडे जे होतं ते एकदाच वापरता येण्यासारखं होतं. एक वर्ष वाया गेलं असतं, किंवा कॉलेज चुकलं असतं, तर दुसऱ्यांदा काही करता आलं नसतं. तिने तसं कधी बोलून दाखवलं नाही. फक्त रोज संध्याकाळी विचारायची, "ठरलं का गं, रेणू?"

माळावरच्या कॉलेजाला संस्थापकांच्या वडिलांचं लांबलचक नाव होतं, पण सगळे त्याला माळावरचंच म्हणत. ते पहिलं लिही, असं आमच्या क्लासच्या देशमाने सरांनी सांगितलं होतं. सरांनी माझी क्लासची निम्मी फी माफ केली होती. आईचा त्यांच्यावर देवासारखा विश्वास होता.

मामांवर नव्हता.

भारतमामा आईचे धाकटे भाऊ. मेकॅनिकलचे बी. ई., वर एम. ई. प्राध्यापकाच्या नोकरीसाठी गेले तिथे संस्थेने देणगी मागितली, म्हणून शेवटी त्यांनी शेजारच्या गावात ठिबकच्या नळ्या आणि पाइपांचं दुकान टाकलं. गावात लोक त्यांना 'विंजेनेर' म्हणून हाक मारत आणि पाइपाला जोडायचा अर्धा इंची कोपर मागत. राखीपौर्णिमेलाही दुकान बंद झाल्यावर येणारा हा माणूस त्या आठवड्यात दिवसाआड आमच्याकडे येत होता.

"काहीतरी आहे," आई म्हणाली. "तुझा मामा उगाच पेट्रोल जाळणारा नव्हे."

"काय असेल?"

"एजंट झाला असंल. सध्या सगळेच झालेत. पोरगी नेऊन घातली की मोजून घ्यायचे."

मला ते पटत नव्हतं. सरकारी कॉलेज कुणाला कमिशन देत नाही. मामांना मला चंद्रपूरला पाठवून काहीच मिळणार नव्हतं. आणि तरीही ते मला तिथे पाठवायला निघाले होते. माणूस आपल्या फायद्यासाठी वागतो असं धरलं, तर हे गणित सुटत नव्हतं. म्हणजे एखादी गोष्ट मला अजून माहीत नव्हती.

पुढच्या वेळी ते आले तेव्हा मी सरळ विचारलं.

"मामा, माळावरच्या कॉलेजात वाईट काय आहे?"

"थर्मलला मास्तर नाही."

"त्यांच्या माहितीपत्रकात लिहिलंय, सगळ्या विषयांना अनुभवी प्राध्यापक आहेत."

"लिहितात."

"तुम्हाला कसं माहीत?"

ते भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघत म्हणाले, "पाइप टाकायला गेलो होतो तिथं. पाण्याच्या लाइनचं काम होतं."

तेवढ्यात त्यांचा फोन वाजला. नंबर बघून ते उठले आणि अंगणात गेले. मी खिडकीत होते. "हो सर," ते म्हणत होते. "सोमवारी. दहाला पोचतो की. नाही नाही, टाय आहे माझ्याकडं."

आत येऊन ते म्हणाले, "गिऱ्हाईक होतं."

पाइपांच्या गिऱ्हाइकाला टाय कशाला लागतो, हे विचारून उपयोग नव्हता. पुन्हा कॅलेंडरकडे बघून उत्तर आलं असतं.

"माझ्या डिकीत गेल्या वर्षीच्या कटऑफचं पुस्तक आहे," ते म्हणाले. "घेऊन ये जा. आपण नीट बघू. वर दोन अवघड टाकू, त्याखाली चंद्रपूर, मग दोन हमखास."

मी स्कूटरची डिकी उघडली. पुस्तकाखाली प्लास्टिकच्या पिशवीत काळे बूट होते, पॉलिश केलेले. मामा बारा महिने चपलेत असायचे. डाव्या बुटात गुंडाळून ठेवलेला निळा टाय होता. मी पिशवी होती तशी ठेवली, पुस्तक घेतलं आणि आत आले. पुस्तकातून त्यांनी जे दाखवलं ते बरोबर होतं. कुठल्या कॉलेजात कुठली शाखा किती गुणांना बंद झाली, माझ्या आवाक्यात काय येतं, काय येत नाही, हे ते न अडखळता सांगत होते. देशमाने सरांनी एवढं कधी सांगितलं नव्हतं. पण मला सारखे ते बूट दिसत होते.

ते गेल्यावर मी आईला बूट, टाय आणि सोमवार सांगितला.

"बघ, म्हटलं नव्हतं मी," आई म्हणाली. "एजंटच टाय घालतेत."

"सोमवारी आपण माळावर जाऊया का? कॉलेज बघायला म्हणून."

आईने माझ्याकडे बघितलं. "तिथंच कशावरनं?"

"तिथलं नाव काढलं की ते कॅलेंडरकडं बघतात."

सोमवारी आईने अर्ध्या दिवसाची रजा टाकली. वडापमधून उतरलो तेव्हा कॉलेजच्या कमानीवर तपासणी समितीच्या स्वागताचा फलक लागला होता. फाटकाशी पाण्याचा टँकर उभा होता आणि एक माणूस नळी लावून टाकी भरत होता. मी आजूबाजूला बघितलं. पाइपलाइन कुठेच दिसत नव्हती. पाइप टाकायला मामा इथे आले नव्हते.

फाटकाबाहेरच्या पार्किंगमध्ये त्यांची स्कूटर होती.

"हाय की इथंच," आई पुटपुटली. "आज सापडतोय."

ऑफिसात एका बाईंनी आम्हाला अडवलं. गळ्यात ओळखपत्र होतं, त्यावर नागणे असं नाव. त्यांचं अर्धं लक्ष दाराकडे होतं.

"ॲडमिशनसाठी आलात? कुणाकडून? देशमाने सरांकडून का?"

"हो," आई अभिमानाने म्हणाली.

"म्हणजे त्यांची अजून एक झाली," नागणे मॅडम बाजूच्या क्लार्कला म्हणाल्या. क्लार्कने मान डोलावली.

आईच्या चेहऱ्यावरचा अभिमान लगेच गेला नाही. हळूहळू गेला. तिने माझ्याकडे बघितलं आणि पदर सारखा केला.

"सायन्सची ना तू?" नागणे मॅडमनी मला विचारलं. त्यांनी कपाटातून एक खाकी ॲप्रन काढून माझ्या हातात दिला. "हा घाल. वर चार नंबरच्या वर्गात जाऊन बस. कमिटी आलीय आणि पोरं कमी पडतायत. सुट्टी आहे ना."

"मी इथं शिकत नाही, मॅडम."

"शिकशीलच की. कुणी विचारलं तर म्हणायचं, थर्ड इयर मेकॅनिकल."

"मी आत्ता बारावी झालेय."

"मग दोन वर्षं आधी बसलीस, काय बिघडलं? काकू, तुम्ही इथं बाकावर बसा. चहा येतोय."

आई म्हणाली, "जा. बघून तर ये." ती हे अशा आवाजात म्हणाली की मी गेले.

जाताना वर्कशॉप लागलं. लेथ मशीन होतं, पण खाली लोखंडाचा एक कीस नव्हता आणि तेलाचा वास नव्हता. पुढच्या प्रयोगशाळेत दाबमापकं ओळीने लावलेली होती. त्यांच्या काचांवरचं प्लास्टिक अजून सोललेलं नव्हतं. बेसिनचा नळ मी सोडून बघितला. कोरडा होता. मी स्वतःला सांगितलं की सुट्टी आहे, नवीन सामान आलं असेल. पण नव्या सामानाच्या पायांवर धूळ बसत नाही.

चार नंबरच्या वर्गात ॲप्रन घातलेली दहा-बारा मुलं होती. निम्म्यांना ॲप्रन मोठे होत होते. शेजारच्या बाकावरचा मुलगा हळूच म्हणाला, "तू कुठल्या कॉलेजची?"

"कुठलीच नाही. तू?"

"मी आयटीआय. वडापाव देणार म्हणालेत."

दार उघडलं आणि पांढरा शर्ट, निळा टाय, काळे बूट घातलेले मामा आत आले.

त्यांनी आधी फळ्याकडे बघितलं, मग वर्गाकडे, मग मला बघितलं. ते थांबले. नंतर त्यांनी डस्टर उचललं आणि स्वच्छ असलेला फळा बराच वेळ पुसला.

मला वाटलं, सापडलं उत्तर. मामांना इथे नोकरी आहे. प्राध्यापकाची. बहिणीपासून लपवून ठेवली आहे, आणि भाची त्याच कॉलेजात आली तर ते लपणार नाही, म्हणून तिला राज्याच्या दुसऱ्या टोकाला पाठवायचं आहे. गणित सुटलं होतं. मला राग आला नाही.

"डिझेल इंजिन कुणाच्या शेतात आहे?" मामांनी फळ्याकडे तोंड करूनच विचारलं.

आयटीआयवाल्याने हात वर केला. "आमच्या आहे, सर."

मामा वळले. "चालू असताना सायलेन्सरला हात लावलायस कधी?"

"चटका बसतोय की."

"का बसतो?"

"गरम असतोय म्हणून."

मुलं हसली. मामाही थोडे हसले. "बरोबर. पण डिझेल तू पाणी ओढायला जाळलंस ना? मग त्यातलं थोडं सायलेन्सर तापवायला कसं गेलं? तुला कुणी विचारलं होतं का?"

"नाही विचारलं."

"हेच बघायचं आपल्याला."

त्यांनी मध्ये एक वर्तुळ काढलं. वर लिहिलं, गरम. खाली लिहिलं, थंड. वरून वर्तुळात येणारा जाड बाण काढला. वर्तुळातून उजवीकडे एक बाण बाहेर काढला, हे काम. आणि एक बाण खाली, थंडाकडे. "हा खालचा बाण पुसायचा लोकांनी फार प्रयत्न केला," ते म्हणाले. "सगळीच्या सगळी उष्णता कामाला लावायची. कुणाला जमलं नाही. इंजिन खराब होतं म्हणून नव्हे. उत्तमातलं उत्तम बनवा, तरी हा बाण राहतोच."

सुरुवातीला त्यांचा आवाज दुकानात बोलतात तसा होता. नंतर तो बदलला. खडू हातात बसला. ते मुलांच्या डोळ्यांत बघून बोलू लागले आणि कुणाला कळत नाहीये हे त्यांना आपोआप कळू लागलं. आयटीआयवाला पुढे वाकून ऐकत होता. मीही.

तेव्हा समिती आली. तिघे जण होते, मागे नागणे मॅडम. त्यातल्या चष्मेवाल्या वयस्कर गृहस्थांनी फळ्याकडे बघितलं.

"कुठला विषय, सर?"

"थर्मल. दुसरा नियम चाललाय."

गृहस्थांची नजर वर्गावरून फिरली आणि माझ्यावर थांबली. वर्गात मी एकटीच मुलगी होते. "तू सांग, बेटा. हा खालचा बाण कशाला?"

मी उभी राहिले. मामा हातातल्या डस्टरकडे बघत होते. नागणे मॅडम माझ्याकडे बघून मान हलवत होत्या, म्हणजे बोल, काहीतरी बोल.

"सगळी उष्णता कामात बदलता येत नाही," मी म्हणाले. "थोडी थंड बाजूला द्यावीच लागते. दिली नाही तर इंजिन फिरतच राहणार नाही."

"छान. सर रोज असंच शिकवतात का?"

एका शब्दाने काय काय झालं असतं, ते मला तेव्हा पुरतं कळत नव्हतं. मी जेवढं खरं होतं तेवढंच म्हणाले. "आज शिकवलं ते कळलं, सर."

ते गृहस्थ जरुरीपेक्षा जरा जास्त वेळ माझ्याकडे बघत राहिले. मग मामांकडे. मग निघाले.

थोड्या वेळाने नागणे मॅडम दारात डोकावून मामांना म्हणाल्या, "झालं, लिगाडे सर. सोडा पोरांना, वडापाव आलाय. टाय इथंच ठेवून जा म्हणजे पुढच्या वर्षी शोधाशोध नको."

मुलं उठली. ॲप्रन निघू लागले.

"बसा," मामा म्हणाले. "अजून संपलं नाही."

"अहो सर, कमिटी खाली गेली."

"मॅडम, दहा मिनिटं."

बरेच जण गेले. आयटीआयवाला दारापर्यंत जाऊन परत आला. मी होते. अजून एक जण होता, तो बहुतेक झोपला होता. मामांनी सगळं सांगून संपवलं. आयटीआयवाल्याने विचारलं, "खाली गेलेली उष्णता वाया जाते का, सर?"

"नाहीशी होत नाही," मामा म्हणाले. "असते. फक्त तिच्याकडून पुन्हा काम करून घेता येत नाही, तिच्याहून थंड काही सापडेपर्यंत."

त्यांनी फळा पुसला नाही. खडू ठेवला आणि मला विचारलं, "कळलं?"

"हो, सर."

खाली आई बाकावर नव्हती. ती फाटकाबाहेर, स्कूटरच्या शेजारी उभी होती. प्राध्यापकांच्या यादीत भावाचं नाव आहे, हे तिला क्लार्ककडून कळलं होतं. मामा आले तेव्हा टाय अजून गळ्यातच होता.

"कधी लागलास?" आईने विचारलं.

"ताई..."

"सख्ख्या बहिणीला पेढा नाही दिलास ते जाऊ दे. पण पोरगी तुझ्या कॉलेजात आली असती तर तुला काय जड झालं असतं? फी मागितली असती का मी तुझ्याकडं?"

"लागलो नाही मी."

"मग हे काय घातलंयस गळ्यात?"

मामांनी टाय सोडला आणि खिशात कोंबला. एक वडाप आमच्यासमोर थांबली, कुणी चढलं नाही, निघून गेली.

"माझी डिग्री लागलीय," ते म्हणाले. "मी दुकानातच आहे. इतके प्राध्यापक पाहिजेत असा नियम असतो. तेवढे ठेवायला यांना परवडत नाही. मग माझ्यासारख्यांची सर्टिफिकेटं घेतात, नाव लावतात. कमिटी आली की फोन येतो. यायचं, उभं राहायचं, जायचं. दिवाळीला पाकीट देतात."

"आणि शिकवतं कोण?"

टँकरवाला नळी गुंडाळत होता, मामा तिकडे बघत राहिले.

"थर्मलला मास्तर नाही, म्हणालास ना तू," आई हळू म्हणाली.

"हो. तो मीच."

मामाच पुढे म्हणाले, "तिथं मी शिकवतो, ताई. म्हणून नको म्हणालो."

"सरळ सांगायचं होतंस."

"कसं सांगणार? इंजिनिअर झालास आणि पाइप विकतोस, हे तू दरवेळी म्हणतेस. त्यात ही भर?"

आईने पदराचं टोक हातात घेतलं, सोडलं. मग म्हणाली, "चंद्रपूरला जायला गाडी कुठनं बसायची?"

"सोलापूरहून. मध्ये एकदा बदलावी लागते. मी येतो सोडायला."

"आणि तिथं मास्तर हायेत का, ते बघितलंस?"

"बघितलं. सुट्टी लागायच्या आधी जाऊन आलो. वर्ग चालू होते. खिडकीतनं ऐकलं थोडा वेळ."

आईने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं. त्या आठवड्यात ती त्यांच्याकडे तशी पहिल्यांदाच बघत होती. "चल घरी," ती म्हणाली. "त्या दिवशीची भाकरी राहिलीय तुझी."

दुसऱ्या दिवशी मी फॉर्म भरला. वर दोन अवघड कॉलेजं, त्याखाली चंद्रपूर, इन्स्ट्रुमेंटेशन. माळावरचं कुठेच लिहिलं नाही. वरची दोन मिळाली नाहीत. तिसरं मिळालं.

पुढच्या वर्षी, चंद्रपूरच्या उन्हाळ्यात, पंखे बंद पडलेल्या एका वर्गात आमच्या सरांनी फळ्यावर एक वर्तुळ काढलं. वर गरम, खाली थंड. तीन बाण. "खालचा बाण का हवा, कुणी सांगेल?" त्यांनी विचारलं. मी हात वर केला आणि सांगितलं. डिझेल इंजिनाचा सायलेन्सरही सांगितला.

सर खूश झाले. "हा धडा तर आपण आत्ता सुरू करतोय. आधी कुणी शिकवला?"

"लिगाडे सरांनी."

"कुठल्या कॉलेजला असतात?"

मी आमच्या गावाचं नाव सांगितलं. त्यांनी ते ऐकलेलं नव्हतं. "बरे दिसतात," ते म्हणाले आणि पुढे शिकवू लागले.